छोट्या हार्ड डिस्कवर गेम टाकावा का?

गेम इन्स्टॉल करणे म्हणजे डिस्कवरची माहिती कन्सोलच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत याला सरळ ‘गेम टाकणे’ म्हणतात. डिस्क डीव्हीडी असो की ब्लू-रे, ती ‘सीडी’च असते आणि कंट्रोलर हा ‘रिमोट’ असतो. हार्ड डिस्कवर भरपूर जागा असेल तर गेम टाकावा की नाही, हा विचार कोणी करत नाही. तो करावा लागतो २० जीबीच्या एक्सबॉक्स ३६०वर, ४० जीबीच्या प्लेस्टेशन ३वर, आणि आता ५०० जीबीच्या प्लेस्टेशन ४वरही. गेमचे आकार वाढत गेले तशी कालची मोठी हार्ड डिस्क आज छोटी झाली. म्हणून छोटी कोणती हे जीबीवरून ठरवता येत नाही. तिच्यात एका वेळी मोजकेच गेम मावत असतील तर ती छोटी, एवढी व्याख्या कामाला पुरते.

या दोन तालुक्यांत नवा कन्सोल कमीच येतो. घरटी कोणीतरी मुंबईला असतो, वाशीच्या मार्केटात किंवा माथाडी कामात. त्याच्या मुलाने नवा कन्सोल घेतला की जुना मे महिन्याच्या सुट्टीत किंवा यात्रेला गावाकडे येतो. त्यामुळे शहरात ज्या मॉडेलचा जमाना सरलेला असतो, त्याचे दुसरे आयुष्य नारायणगाव, ओतूर, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात सुरू होते. दुरुस्तीच्या टेबलावर येणारा कन्सोल बहुधा असाच, दुसऱ्या हातातला असतो. हार्ड डिस्क मूळचीच, लेन्स थकलेली, सोबत पाच-सहा सीड्या आणि एक ठरलेला प्रश्न: “दादा, सगळे गेम आत टाकून देता येतील का?” या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीच्या कन्सोलसाठी वेगळे आहे, आणि या भागात ते शहरातल्यापेक्षाही थोडे वेगळे निघते.

आधी यंत्र समजून घेतले पाहिजे. डिस्क ड्राइव्हमध्ये लेसरचे छोटे भिंग एका बारीक रुळावरून पुढे-मागे सरकते आणि वर फिरणाऱ्या डिस्कवरचे खाचखळगे वाचते. एक्सबॉक्स ३६०चा ड्राइव्ह १२ पट वेगाचा. डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ तो सेकंदाला साधारण १६ एमबी वाचतो, मधल्या भागात त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचा वेग यापेक्षा जास्त असतो, पण खरा फरक या वेगात नाही. तो आहे जागा बदलण्याच्या वेळेत. भिंगाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन वाचायला लागायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. हार्ड डिस्कच्या डोक्याला तेच काम १५ मिलिसेकंदांच्या आसपास जमते. गेम एकच मोठी फाइल सलग वाचत नाही. रस्ता, झाड, पावलांचा आवाज, गर्दीतला एक चेहरा असे हजारो तुकडे तो इथून तिथून गोळा करतो. प्रत्येक तुकड्यामागे भिंगाची एक खेप पडते आणि पडद्यावर ‘लोडिंग’ लिहिलेले राहते.

एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २००६मध्ये भारतात आला. पहिली तीन वर्षे त्यात गेम टाकण्याची सोयच नव्हती. १९ नोव्हेंबर २००८च्या मोठ्या अपडेटने ती दिली. त्या काळच्या लोकप्रिय मॉडेलची हार्ड डिस्क २० जीबीची होती. त्यातला कन्सोलने स्वतःसाठी राखलेला भाग वजा केला की हातात १४ जीबीच्या आतबाहेर उरत. ३६०च्या सीडीवर गेमसाठी सुमारे ६.८ जीबी जागा असे, आणि इन्स्टॉल करताना निवड करता येत नसे. डिस्कवर असेल ते सगळे उतरे. म्हणजे मोठे गेम मावत ते दोन. तिसऱ्यासाठी आधीच्यांपैकी एक काढावाच लागे. शिवाय गेम टाकला तरी सीडी ड्राइव्हमध्ये ठेवावीच लागे, कारण खेळणाऱ्याकडे अस्सल डिस्क आहे याची खात्री कन्सोल दर वेळी तिच्यावरून करून घेई.

एवढे बंधन असताना टाकावा कशाला? लोडिंगची वेळ कमी होते हे उत्तर सर्वांना माहीत असते. पण खरी कमाई वेळेची नाही. टाकलेला गेम सुरू करताना ड्राइव्ह सीडी फिरवून एकदा खात्री करून घेतो आणि थांबतो. न टाकलेला गेम खेळताना ती तासन्‌तास पूर्ण वेगाने फिरत राहते. त्या घरघरीने पंख्याचा आवाजही झाकला जातो. तासावर गेम खेळायला देणाऱ्या पार्लरमध्ये ही फिरती सीडीच सगळ्यात नाजूक वस्तू असते. चार मुले बाकावर दाटीने बसलेली, कोणाचा तरी पाय वायरीत अडकतो, कन्सोल जरासा सरकतो किंवा उभ्याचा आडवा होतो, आणि आत फिरणाऱ्या सीडीवर भिंगाच्या कडेने एक गोल ओरखडा उमटतो. कंपासने काढावा इतका नेमका गोल. असा ओरखडा कापडाने पुसून जात नाही. ती सीडी संपली. दोन-अडीच हजारांची सीडी एका क्षणात गेलेली ज्याने पाहिली, त्याला दहा-बारा मिनिटे खर्चून गेम आत टाकण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गेम आत असेल तर कन्सोल हलला तरी सीडी बहुतेक वेळ स्थिर असते.

दुसरा प्रश्न लेन्सचा, आणि इथे या भागाची हवा मध्ये येते. उसाची तोडणी सुरू झाली की पाचट आणि वाहतुकीची धूळ. कांदा भरताना उडणारी पात आणि माती. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याचा फुफाटा. मळ्यातले घर असेल तर चुलीचा धूर वेगळाच. कन्सोलचा पंखा हे सगळे आत ओढतो. ड्राइव्ह उघडल्यावर भिंगावर राखाडी, किंचित चिकट थर दिसतो. तो कापसाच्या काडीने, थोड्या अल्कोहोलने, मधून बाहेर असा हलक्या हाताने पुसावा लागतो. जोर लागला तर भिंग ज्या बारीक तारांवर तरंगते त्या वाकतात आणि मग लेन्सच बदलावी लागते. बदलीची लेन्स जवळपास मिळत नाही; पुण्याहून मागवावी लागते.

थकलेल्या लेन्सचे पहिले लक्षण ओळखीचे आहे. काही सीड्या चालतात, काही चालत नाहीत. ३६०ची गेमची सीडी दोन थरांची असते. पहिला थर जवळ, दुसरा किंचित खोल. भिंगातला जोर कमी झाला की खोलच्या थरावर नेम बसत नाही. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, “आता गेम आत टाकून द्या, म्हणजे लेन्सचा प्रश्नच मिटेल.” प्रश्न मिटत नाही, उलट तिथेच उघडा पडतो. खेळताना गेमला डिस्कवरचा एखादा कोपरा महिनोन्‌महिने लागत नाही, त्यामुळे तिथली खराबी कळत नाही. टाकताना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी डिस्क वाचावी लागते आणि एक तुकडा जरी वाचता आला नाही तरी काम तिथेच थांबते. म्हणून गेम टाकायचा तर लेन्स धडधाकट असतानाच. आजारी लेन्सवर हा इलाज उशिराचा ठरतो. जुना ३६० विकत घेताना मात्र याच गोष्टीचा चांगला उपयोग होतो: विकणाऱ्यासमोर एक पूर्ण गेम टाकून पाहावा. तो विनातक्रार उतरला, तर लेन्स आणि सीडी दोन्ही तपासून झाल्या.

टाकल्याने गेम नेहमी वेगवान होतो असेही नाही. याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण हॅलो ३. २००७चा हा गेम टाकल्यावर लोडिंगला उलट जास्त वेळ घेई, आणि त्याच्या निर्मात्यांनी, बंजी या कंपनीने, हे स्वतःच खेळाडूंना सांगितले होते. कारण असे. हॅलो ३ मुळातच सीडी आणि हार्ड डिस्क दोघांना एकाच वेळी कामाला लावी. सीडीवरून वाचायचे आणि लागणारा भाग हार्ड डिस्कच्या एका राखीव कोपऱ्यात मांडून ठेवायचा. कांदा भरताना एक जण गोणी भरतो, दुसरा उचलून ट्रॅक्टरमध्ये नेतो. गेम आत टाकला की यातला एक गडी घरी पाठवल्यासारखे होते. हार्ड डिस्कचे एकच डोके वाचायलाही धावते आणि लिहायलाही, आणि दोन्ही कामे रेंगाळतात.

सहा वर्षांनी, १७ सप्टेंबर २०१३ला आलेल्या जीटीए ५ने हेच तत्त्व उघडपणे वापरले. ३६०साठी तो दोन सीड्यांवर आला. पहिली फक्त टाकण्यासाठी, सुमारे ८ जीबीची आणि सक्तीची. दुसरी खेळताना ड्राइव्हमध्ये ठेवायची. ही दुसरी सीडी हार्ड डिस्कवर टाकू नये, असेच निर्मात्यांचे सांगणे होते. गाडी वेगाने शहरातून जाते तेव्हा पुढचा रस्ता सीडीवरून आणि आजूबाजूचे सामान हार्ड डिस्कवरून, असे दोन्हीकडून यायला हवे. सगळे एकाच हार्ड डिस्कवर असले की इमारतींची रंगरंगोटी उशिरा उमटते; समोर नुसत्या करड्या भिंती दिसतात आणि क्षणभराने त्यांच्यावर खिडक्या येतात. २० जीबीवाल्याला तर या एका गेमने निम्म्याहून जास्त जागा खाल्लेली असे. तरीही तो टाकण्याजोगाच होता, कारण न टाकता तो चालतच नव्हता.

३६०ची हार्ड डिस्क बदलणेही सोपे नाही. ती साध्या लॅपटॉप डिस्कसारखीच दिसते, पण कन्सोल तिच्यावरची खास खूण तपासतो. कोणतीही डिस्क बसवून चालत नाही. एप्रिल २०१०पासून पेन ड्राइव्ह चालू लागला, आधी प्रत्येकी १६ जीबीपर्यंतचे दोन. हार्ड डिस्कच नसलेल्या स्वस्त मॉडेलवाल्यांना हा मोठाच आधार झाला. दोन पेन ड्राइव्ह लावले की चार गेमची सोय होई.

प्लेस्टेशन ३वर हा विषय लवकर आटोपतो. भारतात तो एप्रिल २००७मध्ये आला. त्याचा ब्लू-रे ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, म्हणजे सेकंदाला ९ एमबीचा. डिस्क मात्र २५ किंवा ५० जीबीची. इतकी डिस्क पूर्ण उतरवणे ४० जीबीच्या मशिनवर परवडणारे नव्हते, म्हणून काय आणि किती टाकायचे हे गेमच ठरवी. डेव्हिल मे क्राय ४ साधारण ५ जीबी आत घेई. २००८च्या मेटल गिअर सॉलिड ४ने तर प्रत्येक प्रकरण सुरू होताना त्याच प्रकरणाचे सामान आत घ्यायचे आणि आधीचे काढून टाकायचे, अशी व्यवस्था केली. छोट्या हार्ड डिस्कसाठी याहून समजूतदार मांडणी नंतर क्वचितच झाली. थांबण्याची किंमत मात्र प्रत्येक प्रकरणाला मोजावी लागे. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे या कन्सोलमध्ये लॅपटॉपची साधी अडीच इंची हार्ड डिस्क काही स्क्रू काढून बसवता येते; बिघडलेल्या लॅपटॉपमधून निघालेल्या ३२० जीबीच्या डिस्का अशा कितीतरी प्लेस्टेशनमध्ये गेल्या आहेत.

प्लेस्टेशन ४पासून निवड संपली. जानेवारी २०१४मध्ये तो भारतात आला तेव्हापासून त्याचा प्रत्येक गेम हार्ड डिस्कवर उतरतोच. सीडी ही आता फक्त सामान आणणारी गाडी आणि मालकीचा दाखला. म्हणून ‘टाकावा का’ याऐवजी ‘कोणता ठेवावा आणि कोणता काढावा’ हा प्रश्न आला. ५०० जीबीच्या मशिनवर गेमसाठी साधारण ४०८ जीबी मिळतात. ऑक्टोबर २०१८मध्ये आलेला रेड डेड रिडेम्प्शन २ दोन ब्लू-रे डिस्कवर येतो आणि एकटा १०० जीबीच्या आसपास जागा घेतो. जीटीए ५, एखादा कॉल ऑफ ड्यूटी, कुस्तीचा एक, फुटबॉलचा एक आणि क्रिकेटचा एक एवढे झाले की हार्ड डिस्क भरली.

ओतूरकडचा अकरावीतला एक मुलगा असाच एक ५०० जीबीचा कन्सोल पिशवीतून घेऊन आला होता. मशिन मुंबईच्या चुलतभावाचे. “दादा, जागाच नाही म्हणतंय. काहीपण काढा, पण क्रिकेट राहू द्या.” टीव्हीला जोडून पाहिले तर ११ जीबी मोकळे होते आणि क्रिकेटच्या गेमचे अपडेट होते दोन-अडीच जीबीचे. जागा पुरेशी दिसत असूनही कन्सोल अडून बसला होता, आणि ‘मशिन बिघडले’ असा त्याच्या घरच्यांचा पक्का समज झाला होता. मशिन ठीक होते. प्लेस्टेशन ४ अपडेट घेताना जुन्या गेमवर थेट ठिगळ लावत नाही. तो गेमची नवी प्रत तयार करतो, तिच्यात बदल मिसळतो आणि मग जुनी काढतो. त्यामुळे अपडेट लहान असले तरी जवळपास मूळ गेमइतकी जागा काही वेळासाठी मोकळी लागते. दोन जीबीच्या अपडेटला तीस-चाळीस जीबी मागितले जातात ते यामुळे.

हे या भागातल्या कोणालाही कांद्याच्या बराकीवरून समजते. बराक कुडापासून कुडापर्यंत ठासून भरली तर कांदा सडतो, कारण वारा खेळायला जागा उरत नाही. वाऱ्यासाठी सोडलेली जागा वाया गेलेली नसते, तीही साठवणीचाच भाग असते. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवरही सगळ्यात मोठ्या चालू गेमएवढी जागा कायम मोकळी सोडली पाहिजे. म्हणजे ४०८चे प्रत्यक्षात ३०० ते ३५० जीबीच धरायचे. हा हिशेब कन्सोलच्या खोक्यावर लिहिलेला नसतो, आणि जुना घेणाऱ्याला तो सहसा कोणी सांगत नाही.

मग काय काढायचे? घरचे म्हणतात, मोठा आहे तो काढा. त्या मुलाच्या मशिनवर मोठा म्हणजे रेड डेड. एका झटक्यात शंभर जीबी मोकळे. पण त्याची सीडी नव्हती. चुलतभावाने तो स्वतःच्या अकाउंटवर ऑनलाइन घेतला होता. कुस्तीचा आणि फुटबॉलचा हे दोन गेम मात्र सीडीवर होते आणि सीड्या पिशवीतच होत्या. काढायचे हे दोन, आकाराने लहान असले तरी. इथेच शहरातला आणि इथला हिशेब वेगळा होतो. फायबरची जोडणी असलेल्या घरात काढलेला गेम रात्रीतून परत येतो. इथल्या बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर नेट म्हणजे अजूनही मोबाइलचे. २०१६मध्ये जिओ आल्यापासून दिवसाला दीड जीबीचे पॅक घरोघर पोहोचले, पण त्या मापाने ५० जीबीच्या गेमला ३३ दिवस लागतात, आणि तेही घरात बाकी कोणी मोबाइल उघडला नाही तर. सेकंदाला ४ मेगाबिटच्या जुन्या ब्रॉडबँडवर तोच गेम सलग २८ तास घेईल. सलग २८ तास लाइट राहिली पाहिजे ही अट वेगळी. सीडीवरून तोच गेम पाऊण-एक तासात उतरतो.

म्हणून छोट्या हार्ड डिस्कवर गेमची खरी किंमत त्याच्या आकारात मोजू नये. तो परत आणायला किती कष्ट पडतील यात मोजावी. सीडी कपाटात असेल तर गेम काढण्यात भिण्यासारखे काही नाही. नुसता ऑनलाइन घेतलेला गेम काढताना दहा वेळा विचार करावा. गेल्या महिन्यात एकदाही न उघडलेला आणि सीडी असलेला गेम पहिल्यांदा निघाला पाहिजे. त्या मुलाच्या मशिनवर असे दोन गेम काढले आणि सुमारे शंभर जीबी मोकळे झाले; क्रिकेटचे अपडेट त्याच्या स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन संध्याकाळींत पुरे झाले.

संध्याकाळ हा शब्द इथे सहज आलेला नाही. जुन्नर-आंबेगावात बिबट्याची भीती रोजची आहे. उसाच्या कडेने राहणाऱ्या घरांत दिवस मावळला की पोरांना आत घेतले जाते. मैदानावरचा खेळ सहालाच थांबतो आणि कन्सोल सुरू होतो. नेमक्या याच वेळी घराघरांत दिवे-पंखे चालू असतात, व्होल्टेज ढासळते, आणि एखादा डीपी जळाला तर वस्तीची लाइट दोन-दोन दिवस येत नाही. गेम उतरत असताना लाइट गेली तर सीडीवरच्या गेमचे फार नुकसान नाही. अर्धवट उतरलेले टाकून पुन्हा सुरुवात करायची. पण भरलेली हार्ड डिस्क अपडेटची नवी प्रत लिहीत असताना वीज तुटली, तर पुढच्या वेळी कन्सोल आधी सगळी साठवण तपासायला बसतो आणि कधी कधी खराब झालेला गेम पुन्हा टाकायला सांगतो. त्यामुळे मोठी अपडेट्स पहाटे, लाइट स्थिर असताना लावावीत. ज्या घरात इन्व्हर्टर आहे त्यांनी टीव्हीबरोबर कन्सोलचीही वायर त्यावर घ्यावी; टीव्ही बंद पडला तर काही बिघडत नाही, कन्सोलचे बिघडते.

पार्लरवाल्याचे गणित याहून सोपे असते, कारण गिऱ्हाइकाची मागणी ठरलेली असते. कुस्ती, फुटबॉल, टेकन, क्रिकेट, जीटीए. या पाचांपलीकडे तासाचे पैसे देऊन कोणी खेळत नाही. लांबलचक कथेचा गेम अर्ध्या तासात काय खेळणार? पार्लरसाठी ५०० जीबी पुरते, आणि सहावा गेम टाकण्याचा मोह हा नुसता खर्च असतो. कॉलेजच्या मुलांचे वेगळे. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे त्या बाजूला बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांना दर महिन्याला नवे काहीतरी हवे असते. त्यांच्यातले काही शनिवारी एसटीत कन्सोल सॅकमध्ये घालून पुण्याला नातेवाइकांकडे जातात, तिथल्या नेटवर अपडेट उतरवतात आणि रविवारी परत येतात. पुण्याची जाण्या-येण्याची तिकिटे काढूनही ते स्वस्त पडते.

अलीकडे बिनसीडीचे कन्सोल येऊ लागले आहेत, आणि तिथे छोटी हार्ड डिस्क सर्वात जास्त खुपते. नोव्हेंबर २०२०चा एक्सबॉक्स सिरीज एस ५१२ जीबीचा आहे. त्यातले ३६४ जीबी वापरता येतात आणि सीडीचे दारच नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये भारतात आलेला प्लेस्टेशन ५ मूळ ८२५ जीबीचा, वापरायला ६६७. या मशिनमधली साठवण एसएसडी प्रकारची आहे. तिच्यात फिरणारी चकती नाही आणि सरकणारे डोकेही नाही, त्यामुळे लोडिंगचा आणि ओरखड्यांचा प्रश्न संपला. पण सिरीज एसवर काढलेला प्रत्येक गेम नेटवरूनच परत आणावा लागतो. किंमत पाहून तो आकर्षक वाटतो. मळ्यात राहणाऱ्या आणि मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या घराने तो घेऊ नये. ज्यात सीडी जाते असाच कन्सोल घ्यावा, मग तो एक पिढी जुना का असेना.

ज्याच्याकडे बिनसीडीचा आलाच आहे, त्याच्यासाठी बाहेरून जोडायची साधी यूएसबी हार्ड डिस्क हा उत्तम उपाय आहे. नव्या पिढीचे गेम तिच्यावरून थेट चालत नाहीत, पण तिच्यावर ठेवता येतात आणि लागतील तेव्हा आत आणता येतात. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५० जीबीचा गेम आठ-नऊ मिनिटांत आत येतो. बाहेरची डिस्क ही बराक आणि आतली एसएसडी ही घरातली टोपली: रोजच्या जेवणाला लागतील तेवढेच कांदे टोपलीत. प्लेस्टेशन ४वर तर मार्च २०१७च्या अपडेटपासून गेम थेट बाहेरच्या डिस्कवरूनच खेळता येतात. डिस्क किमान २५० जीबीची आणि यूएसबी ३ची हवी, आणि ती एकदा कन्सोलला जोडून तयार केली की तिच्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. लग्नाचे फोटो असलेली डिस्क कोणी जोडू नये, हे दर वेळी आवर्जून सांगावे लागते.

राहतो तो सेव्हचा भाग. गेम ५० जीबीचा असतो आणि त्यात खेळाडूने काय मिळवले याची नोंद बहुधा काही एमबींची. गेम काढला तरी ही नोंद आपोआप जात नाही, ती वेगळी राहते. पण हार्ड डिस्क बदलली किंवा मशिन पूर्ण पुसले तर तीही जाते. गेम सीडीवरून परत येईल, तीन वर्षे चालवलेला क्रिकेटचा संघ परत येणार नाही. म्हणून डिस्क बदलण्याआधी प्लेस्टेशन ३ आणि ४च्या सेव्ह फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. प्लेस्टेशन ३वर काही गेमच्या फाइलींना कुलूप असते, त्या अशा निघत नाहीत. प्लेस्टेशन ५च्या स्वतःच्या गेमची नोंद पेन ड्राइव्हवर घेता येत नाही, ती पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाइन साठवणीतच जाते. ३६०नंतरच्या एक्सबॉक्सवर नेट जोडलेले असले की ती ऑनलाइन आपोआप चढते, त्यामुळे मशिन टेबलावर आले की स्क्रूला हात लावण्यापूर्वी ते पाच मिनिटे मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ठेवावे आणि नोंद चढल्याची खात्री करून घ्यावी.